काचेवर काहीच नव्हतं

नागपुरात खोली शोधत फिरताना घरमालक भाडेकरूला जे जे विचारतात ते सगळं मला विचारून झालं होतं. लग्न झालंय का, आई-वडील येऊन राहतील का, घरात मटण शिजणार का. सक्करदऱ्याच्या तलावामागच्या गल्लीत ज्यांच्याकडे मी शेवटी राहिलो, त्यांनी मला जिन्याखाली उभं केलं, डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि एकच विचारलं.

"एसी लावशीन का?"

मी सांगलीकडचा. त्यांना विजेच्या बिलाची धास्ती असेल असं समजून म्हणालो, "नाही काका, कूलरवर भागेल माझं."

"मग नाही जमत," म्हणून ते आत जायला वळले.

मी पिशवी घेऊन तसाच उभा. तेवढ्यात दारातून एक ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या बाई बाहेर आल्या. या त्यांच्या धाकट्या बहीण, नवरा गेल्यापासून भावाकडेच राहणाऱ्या. सगळी गल्ली त्यांना आत्या म्हणायची, पुढे मीही म्हणू लागलो. "अरे, त्याले समजावून तरी सांग ना दादा," त्या म्हणाल्या. तेव्हा काका वळले आणि समजावून सांगितलं.

"कूलर पाणी पिते, एसी पाणी देते. मले पाणी देणारा भाडेकरू पाह्यजे."

हे समजावणं पुरेसं आहे असं त्यांना वाटलं. बाकीचं मला आत्यांनी सांगितलं. घरात बोअरचं पाणी. त्यात एवढे क्षार की बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो. काकांना त्यांच्या जुन्या गाडीची काच धुवायला बिनक्षाराचं पाणी हवं होतं आणि एसीतून ठिबकणाऱ्या पाण्यात क्षार नसतात. आधीचा भाडेकरू बदली होऊन गेल्यापासून त्यांचं पाणी बंद पडलं होतं. मी दुसऱ्याच दिवशी एक जुना एसी शोधला. तो बसवायला माणूस आला तेव्हा काकांनी त्याच्या हातात नळीचा नकाशा ठेवला. खिडकीपासून पोर्चमधल्या कॅनपर्यंत, कुठे किती उतार द्यायचा ते सगळं मापासकट.

माझ्या एसीचं पाणी पुढे चार वर्षं त्या कॅनमध्ये पडत होतं. त्यातली दीड वर्षं त्या काचेवर धुण्यासारखं काही नव्हतं, हे मला माहीत होतं, आणि त्या दीड वर्षात काकांचे डोळे गेले. हे आधीच सांगून टाकतो. कारण त्यांच्या तऱ्हा सांगायला लागलो की मला हसू येतं, आणि हसता हसता मी स्वतःला फार स्वस्तात सोडून देतो, असा माझा अनुभव आहे.

गाडी पोर्चमध्ये खाकी ताडपत्रीखाली असायची. दोन माणसांपुरती, वर कापडी छप्पर, लांब नाकाची, साठ वर्षांपूर्वीची विलायती स्पोर्ट्स कार. कामठीच्या छावणीतला कोणी अधिकारी बदली झाली तेव्हा ती सोडून गेला होता. काकांनी तरुणपणी ती अर्धी जोडलेली, अर्धी खोक्यांत भरलेली अशी घरी आणली. खोक्यांतली गाडी जोडता जोडता लग्न राहून गेलं, असं आत्या म्हणायच्या. काका म्हणायचे, लग्न राहूनच जाणार होतं, निदान गाडी तरी जोडून झाली.

या गाडीत काच धुवायची जी सोय होती ती मी कुठल्या दुसऱ्या गाडीत पाहिलेली नाही. डॅशबोर्डवर एक काळं बटण. ते अंगठ्यानं दाबलं की बॉनेटखालच्या बाटलीतलं पाणी रबरी नळीतून चढायचं आणि काचेखालच्या दोन बारीक तोट्यांतून काचेवर उडायचं. मोटर नाही, वीज नाही. अंगठ्याचा जोर हाच पंप. बाटलीच्या तळाशी एक लहानशी झडप, चढलेलं पाणी परत खाली येऊ नये म्हणून. झडप चिकटली की नुसती हवा यायची. तोट्यांत क्षार बसला की एक धार आकाशात आणि दुसरी बॉनेटवर. रबर पिचलं की ड्रायव्हरच्या पायावर.

लोक जुन्या गाडीचं इंजिन सांभाळतात, रंग सांभाळतात. काका या सोयीला जपायचे. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "इंजिन बंद पडलं तर माणूस चालत घरी येते. काच बंद पडली तर येतच नाही." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं याला गणती नाही. दूधवाल्यानं ऐकलं होतं, गॅसवाल्यानं ऐकलं होतं. मतदारयादी तपासायला आलेल्या बाईंना ते वाक्य ऐकवून वर प्रत्यक्ष बटण दाबून दाखवण्यात आलं होतं.

नोकरीत असताना ते कोळशाच्या खाणीच्या कचेरीत ड्राफ्ट्समन होते. जमिनीखालचे बोगदे कागदावर काढायचे. केसाएवढी रेघ आणि तिच्याशेजारी तेवढीच दुसरी, मधलं अंतर कुठेही हललेलं नाही, अशी त्यांची कामं मी पाहिली आहेत. बाहत्तराव्या वर्षापर्यंत त्यांना चष्मा नव्हता आणि त्याचा त्यांना भारी गर्व होता. औषधाच्या बाटलीवरची मुंगीएवढी अक्षरं ते हात लांब न करता वाचून दाखवायचे, कोणी मागितलेलं नसताना.

सवय अंगातून गेली नव्हती. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर पट्टी, पट्टीवर नकाशावर असतात तशी तिरकी, एकसारखी अक्षरं, भोवती चौकट, कोपऱ्यात तारीख. मिठाच्या बरणीवर 'मीठ' आणि खाली 'बारीक'. आत्या वैतागायच्या. "चाळीस वर्षं सैपाक करून राहिली मी, मले काय मीठ ओळखू येत नाही?" मी एकदा सहज विचारलं की जवळपास तर्री पोहे कुठे चांगले मिळतात. संध्याकाळी माझ्या दाराखालून एक कागद सरकला. त्यावर पोह्याच्या ठेल्यापर्यंतचा रस्ता होता, उत्तर दिशेचा बाण होता, प्रमाण दिलेलं होतं आणि वाटेतली उघडी नाली तुटक रेघेनं दाखवलेली होती. तो कागद अजून माझ्याजवळ आहे.

विमानतळाशेजारच्या मिहान या उद्योग वसाहतीतल्या माझ्या कंपनीतून मी सहाला परत यायचो. काका पोर्चमध्ये कॅनपाशी उभे असायचे. "आज पाणी कमी आलं गा. रात्री पंख्यावर झोपला का?" उन्हाळ्यात एसी दिवसरात्र चालायचा पण हवा कोरडी, कॅन अर्धाही भरायचा नाही. पावसाळ्यात भरून वाहायचा. तेव्हा ते बाटल्या भरून, तारीख घालून, जिन्याखाली रांगेत ठेवायचे. मी सुट्टीला गावी निघालो की त्यांचा चेहरा उतरायचा. आत्या म्हणायच्या तो माझ्यासाठी. मला खात्री नव्हती, पण बरं वाटायचं. परक्या गावात कोणीतरी आपली वाट पाहतं, मग ती एसीच्या पाण्यासाठी का असेना.

रविवारी सकाळी गाडी निघायची. ते चालवणार, मी शेजारी. चाळीसच्या वर वेग नाही. मिहानाकडचे रुंद, रिकामे रस्ते त्यांना आवडायचे. दर दोन किलोमीटरवर बटण दाबायचं, काचेवर दोन धारा पडायच्या, वायपर फिरायचे आणि काका माझ्याकडे पाहायचे, आपण नुकतंच काहीतरी जिंकलं असावं असे.

माझ्या दुसऱ्या वर्षी, एका रविवारी, डावीकडच्या कच्च्या रस्त्यावरून एक बाई सायकलवर आली. हँडलला जेवणाचा डबा, कुठल्यातरी साइटवर कामाला निघालेली. ती मला पन्नास पावलांवरून दिसली. मला वाटलं काका आता वेग कमी करतील. त्यांनी केला नाही. ते सरळ समोर पाहत होते, चेहऱ्यावर काही नाही. मी ओरडलो आणि स्टेअरिंग ओढलं. गाडी रस्ता सोडून मुरमात गेली आणि बंद पडली. बाई सायकलवरून उतरली, आमच्याकडे पाहिलं. "पाहून चालवा ना, काका," एवढंच म्हणाली आणि निघून गेली. तिला काही झालं नव्हतं.

काकांचे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते. त्यांनी बटण दाबलं. पाणी पडलं, वायपर फिरले. पुन्हा दाबलं. बाटली रिकामी होईपर्यंत दाबत राहिले.

"पुलाच्या कामाचं सिमेंट बसलं काचेवर," ते म्हणाले. आमच्या मोठ्या रस्त्यावर तेव्हा उड्डाणपुलाचं काम चालू होतं, हे खरं आहे. मग त्यांनी चाव्या माझ्या हातात दिल्या. त्या गाडीच्या चाव्या त्यांनी तोवर कोणाच्याही हातात दिल्या नव्हत्या.

परत येताना मी चालवली. त्या काचेतून मला सगळं दिसत होतं. विमानतळाच्या बाजूला उभ्या विमानांच्या शेपट्या, दूरच्या पाटीवरची अक्षरं, एका झाडावर बसलेले बगळे. काचेवर काहीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघालो तेव्हा ते जिन्याखाली उभे होते. दाढी केलेली नव्हती.

"काल परत येताना तू चालवली," ते म्हणाले. "काच धुरकट होती ना गा?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. बाहत्तर वर्षांचा माणूस, ज्यानं जन्मभर केसाएवढ्या रेघा काढल्या, आणि तो माझ्या तोंडाकडे असा पाहत होता की मला ते बघवेना. माझी बस येत होती. शिवाय मी त्यांचा भाडेकरू, त्यांना मुलगा असता तर त्याच्या वयाचा. मी म्हणालो, "हो काका. थोडी होती."

"हं," ते म्हणाले. "तोट्या नीट होईपर्यंत गाडी बाहेर काढायची नाही."

बसमध्ये बसल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. गाडी आता रस्त्यावर येणार नव्हती. कोणाला धक्का लागणार नव्हता आणि काकांचा मानही राहिला होता. डोळ्यांचं काहीतरी आहे हे मला कळलं होतं, नाही कसं. पण मी मनाशी म्हटलं, या वयात मोतीबिंदू सगळ्यांना होतो. माझ्या आजोबांचा दोन वर्षं तसाच ठेवला होता आणि मग एका सकाळी काढून टाकला. मोतीबिंदू थांबतो. सवडीनं गोड बोलून नेऊ डॉक्टरकडे.

ती सवड मी दीड वर्ष काढली नाही.

त्याच दिवसापासून काकांनी काच धुवायची सगळी सोय सोडवायला घेतली. बटणामागचा रबरी पडदा चिरला होता. त्यांनी सायकलच्या ट्यूबमधून नवा कापला, तीनदा, तिसरा बसला. जुन्या नळीच्या जागी औषधाच्या दुकानातून सलाइनची नळी आणली, कारण तिच्यातून पाणी चढताना दिसतं. बाटलीच्या तळाची झडप मिळेना. मग माशांच्या टाकीचं सामान विकणाऱ्याकडून हवेच्या पंपाची झडप आणली आणि ती उलटी लावली. तोट्या साफ करायला टाचणी जाड पडायची. काकांनी आपली नकाशाची पेनं काढली. त्या पेनांच्या टोकात शाई मोकळी करणारी एक तार असते, पापणीच्या केसाहून बारीक. ती तार त्यांनी तोटीत घातली. म्हणजे घालायचा प्रयत्न केला. चार-पाच वेळा तार तोटीच्या बाजूला लागली, मग त्यांनी ती माझ्या हातात दिली. "तुह्या हाताले सवय होऊ दे," असं म्हणाले.

जुळणी झाली की परीक्षा. मी ड्रायव्हरच्या जागेवर बसायचो, बटण दाबायचो आणि धारा कुठे पडतात ते सांगायचो. काका बॉनेटपाशी उभे असायचे, एक हात काचेवर टेकलेला.

पहिल्याच परीक्षेत दोन्ही धारा अगदी मधोमध पडल्या. इतकं नेमकं काम झालं होतं की मी बघतच राहिलो. मग माझ्या लक्षात आलं की मी पास म्हटलं तर येत्या रविवारी गाडी रस्त्यावर जाणार.

"डावी थोडी खाली पडतेय काका," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा पाना घेतला.

ही माझी हुशारी. मला स्वतःचं फार कौतुक वाटायचं तेव्हा. एका म्हाताऱ्या माणसाला न दुखवता, आवाज न चढवता मी घरात थांबवून ठेवलं होतं. दर पंधरा दिवसांनी मी एक खोट काढायचो. डावी खाली, उजवी फाकतेय, दाब कमी, पहिल्या दाबाला पाणी येत नाही. काका कधी वाद घालायचे नाहीत. एरवी भाजीवाल्याशी तराजूच्या काट्यावरून भांडणारा माणूस, माझ्यापुढे मात्र मुकाट्यानं नळी सोडवायचा. हे मला खटकायला हवं होतं.

खटकायला हवं असं आणखीही होतं. डब्यांवरची अक्षरं मोठी होत गेली. आधी ज्वारीच्या दाण्याएवढी, मग वाटाण्याएवढी. एका दिवाळीला आत्यांनी चिवड्याचा डबा माझ्या खोलीवर पाठवला तर त्यावर 'चिवडा' हा शब्द झाकणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत होता आणि चौकट एका बाजूनं उघडीच राहिली होती. संध्याकाळी रस्त्यावरचे दिवे लागले की ते म्हणायचे, "दिव्याभोवती रंगाचं कडं दिसते गा. हवेत धूळ किती झाली." मी म्हणायचो, खूप झाली. पेपर ते अजून हातात धरायचे, पण बातम्या वाचून दाखवायच्या ऐवजी मला विचारायचे. मी सगळं पाहत होतो आणि मोतीबिंदू, मोतीबिंदू म्हणून स्वतःची समजूत घालत होतो.

एका शनिवारी दुपारी मी पोर्चमध्ये त्यांच्या डाव्या हाताला उभा होतो. दोन हातांच्या अंतरावर. मघापासून उभा होतो, सलाइनच्या नळीचा तुकडा हातात धरून. काका बॉनेटवर वाकलेले. त्यांनी डोकं वर केलं, दाराकडे तोंड करून हाक मारली.

"अवं, तो खाली आला का? त्याले आवाज दे ना."

आत्या दारात आल्या. त्यांनी मला पाहिलं, भावाला पाहिलं. मग मी म्हणालो, "इथंच आहे काका." ते दचकले, आणि चोरी पकडली गेलेला माणूस हसतो तसे हसले.

सोमवारी मी रजा टाकली आणि त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेलो, आत्याही बरोबर आल्या. त्यांनी कुरकुर केली नाही. डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांनी बराच वेळ तपासलं, मशीनवर हनुवटी टेकवून, थेंब घालून, पुन्हा एकदा. मग आम्हा तिघांनाही समोर बसवलं.

"मोतीबिंदू आहे, तो काढू," त्या म्हणाल्या. "पण मागे काचबिंदू आहे, आणि जुना आहे. डोळ्याच्या आत दाब वाढून नस सुकलीय. दोन्ही बाजूंचं दिसणं गेलंय, मधलं थोडं राहिलंय. गेलेलं परत येत नाही. राहिलेलं टिकवायचा प्रयत्न करू. दीड-दोन वर्षांपूर्वी आले असते तर थेंबांवर बरंच वाचलं असतं. घरात कोणाला होतं का?"

"आमच्या बाबांले," आत्या म्हणाल्या. "बाबांचेही असेच गेले."

डॉक्टरांनी आत्यांचेही डोळे तपासायला सांगितले. मी खुर्चीवर बसून दीड वर्ष मोजत होतो. पुन्हा पुन्हा मोजलं तरी ते दीडच येत होतं. मोतीबिंदूमुळे त्यांना काच धुरकट दिसत होती. तो धुरकटपणा म्हणजे वेळेवर आलेली सूचना होती, आणि ती सूचना मी काचेच्या नावावर खपवली होती. त्या रविवारनंतर मी 'काच साफ आहे' एवढे तीन शब्द बोललो असतो तर हा माणूस आज पेपर वाचत बसला असता. दवाखान्याच्या जिन्यात मला रडू आलं. आत्यांना वाटलं मी त्यांच्या भावासाठी रडतोय. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि मला तो हात सहन झाला नाही.

मोतीबिंदू काढला. काही दिवस काका म्हणाले, नळीतून पाहिल्यावाणी दिसते, पण साफ दिसते. पुढच्या आठ-नऊ महिन्यांत ती नळीही बंद झाली. ते मोडून पडले, असं म्हणता येणार नाही. त्यांनी घर पावलांनी मोजून घेतलं. पलंगापासून मोरी अकरा पावलं, मोरीपासून देवघर सात. चुकून खुर्ची हलली तर घरात भूकंप व्हायचा. पण दुपारी पोर्चमध्ये बसले की त्यांचा हात मांडीवर रेघा ओढत राहायचा, पट्टी धरल्यासारखा सरळ, आणि ते बघून मी वर निघून जायचो.

गाडी हैदराबादचा एक हौशी माणूस घेऊन गेला. काकांनीच बोलावून घेतलं त्याला. ट्रेलर गल्लीत शिरेना म्हणून चौघांनी गाडी मोठ्या रस्त्यापर्यंत ढकलत नेली. काका फाटकापर्यंत आले. त्या माणसाला त्यांनी बटण, नळी, झडप, तोट्या सगळं बोटं फिरवून दाखवलं आणि सांगितलं की बोअरचं पाणी घालू नको. तो हो हो म्हणत होता. इलेक्ट्रिक पंप बसवून घेऊ, असं तो ट्रेलरवाल्याला हळूच म्हणाला, ते मी ऐकलं. काकांनी ऐकलं की नाही ते माहीत नाही. त्यांचे कान चांगले होते.

एसी मी चालू ठेवला होता. कॅन भरायचा आणि आत्या ते पाणी तुळशीला घालायच्या.

मागच्या हिवाळ्यात काका गेले. झोपेतच गेले. आत्यांचा फोन आला तेव्हा मी पुण्यात होतो, बदली होऊन मला दोन वर्षं झाली होती. दिवसांना जाऊन आलो. आत्या रोज न चुकता डोळ्यात थेंब घालतात, त्यांचं दिसणं अजून शाबूत आहे. तेवढं तरी त्या दवाखान्यातल्या दिवसानं झालं. नागपूरहून परत येताना रेल्वेत मला जे आठवत होतं ते मात्र दोन वर्षांपूर्वीचं, मी खोली सोडली त्या सकाळचं.

सामान टेम्पोत चढवून झालं होतं. काका रिकाम्या पोर्चमध्ये खुर्चीवर बसले होते. आत्या जरा पलीकडे सुपात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी काकांच्या पाया पडलो आणि मला उठवेना. तसाच खाली फरशीवर बसलो आणि बोललो. आत्या ऐकत होत्या, तरी बोललो.

"काका, त्या रविवारी काच साफ होती. मी खोटं बोललो. आणि नंतर तोट्यांचंही. पहिल्याच दिवशी दोन्ही धारा बरोबर पडत होत्या."

"तोट्यांचं मले मालूम होतं," ते म्हणाले. "मी काचेवर हात ठेवून उभा राहत होतो ना. पाणी कुठं पडते ते बोटाले समजते. डावी बरोबर होती. तू खोटं बोलून राहिला, हे मले पहिल्याच दिवशी समजलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू नापास करत होता, तोवर गाडी काढायचं काम नव्हतं. गाडी काढायची नाही, तर डोळ्याचं नाव घ्यायचं काम नव्हतं. भेत होतो गा. आमचे बाबा अकरा वर्षं बाजेवर बसून होते. भिंतीकडे तोंड करून. त्याईले मोरीवर नेणं, आणणं, सगळं मी केलं. मले मालूम होतं पुढं काय आहे ते."

"मी त्या सकाळी खरं सांगितलं असतं तर?" मी म्हणालो. हा प्रश्न मला त्यांना विचारायचा नव्हता. स्वतःलाच विचारून विचारून तो तोंडाशी आला होता.

काकांनी मान बहिणीच्या बाजूला वळवली. शेंगा सोलायचा आवाज थांबला होता.

"खरं मले आदल्या दिवशीच समजलं होतं," ते म्हणाले. "गाडी लावून तू वर गेला, अन् मी हिले बाहेर बोलावलं. म्हटलं, पाह्य वं, काच धुरकट आहे का. हिनं पदरानं पुसून पाह्यलं. म्हणे, काच साफ आहे दादा, उद्या डोळे दाखवून ये, बाबांवाणी होईन. मी हिच्यावर ओरडलो. रात्री जेवलो नाही."

त्यांनी हात पुढे केला, चाचपत माझं डोकं शोधलं आणि त्यावर ठेवला.

"म्हणून सकाळी तुले विचारलं."